पापड हत्तीच्या पोटात का मोडतो?

बांधाबांध : वाचकांचे प्रश्न

(मिठाई, फरसाण आणि बेकरीच्या मालासाठी खोकी बनवण्याचा कारखाना सोलापुरात अनेक वर्षं चालवलेल्या आमच्या सदरलेखिका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मावशी, मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइन शिकते. या सत्रात आम्हाला प्रकल्प मिळालाय : एखाद्या नाजूक पारंपरिक पदार्थासाठी, मुलांना सोबत नेता येईल असा खेळकर डबा तयार करा. मी उडदाचा भाजलेला पापड निवडला, कारण शाळेच्या डब्यात आई कधीच पापड देत नसे. ‘मऊ पडतो नाहीतर चुरा होतो,’ म्हणायची. मी पुठ्ठ्याचा हत्ती केला. पोटात पाच पापड एकावर एक, सोंड म्हणजे मूठ, पाठ म्हणजे झाकण. रिकाम्या हत्तीचं वजन आठशे ग्रॅम. वर्गात सगळ्यांना आवडला. पण होस्टेलपासून कॉलेजपर्यंत स्कूटरवर नेला तर एकच पापड अख्खा उरला, तोही वातड. सर म्हणाले, ‘हत्ती छान आहे. पापड कुठाय?’ पुढच्या महिन्यात अंतिम सादरीकरण आहे आणि हत्ती सोडवत नाही. काय करू?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : हत्ती सोड. जीव लागलाय हे कळतंय, पण का सोडायचा ते नीट सांगते, नाहीतर त्याच्या जागी वाघ करशील.

हत्तीची सोंड पुढे असते. सोंडेला धरून उचललास की मागचं सगळं धूड खाली लोंबतं आणि पापडांची चळत तिरकी होऊन मागच्या पुठ्ठ्यावर रेलते. मूठ कायम वजनाच्या बरोबर वर हवी, इकडेतिकडे चालत नाही. दुसरं, हत्तीचं पोट फुगीर आणि पापड चपटा. म्हणजे आत चहूबाजूंनी मोकळी जागा राहिली. स्कूटर गतिरोधकावरून गेली की डबा वर जातो, मग पापड वर जातो, तोवर डबा खाली आलेला असतो. इतकी वर्षं खोकी विकल्यावर एक सांगते, माल दाबून फुटतो त्याहून जास्त हलून फुटतो. गिऱ्हाईक दर वेळी म्हणायचं, ‘पुठ्ठा जाड करा.’ आम्ही पुठ्ठा तोच ठेवायचो आणि आतली जागा कमी करायचो. तक्रार बंद. आणि तिसरं, पाच भाजलेले पापड जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम भरतात. त्यांच्यासाठी आठशे ग्रॅमचा हत्ती? नऊ वर्षांच्या पोराच्या दप्तरात आधीच काय कमी ओझं आहे?

आता हत्ती बाजूला ठेव आणि एक पापड हातात घेऊन बघ. कच्चा पापड सहसा मोडत नाही. त्यात पाण्याचा अंश असतो, तो थोडा वाकतो. कच्च्या पापडाचं पुडकं नुसतं कागदात गुंडाळून एसटीने पाठवलं तरी धड पोचतं. विस्तवावर धरलास की पाणी उडून जातं, पिठाला फोड येतात, पापड कुरकुरीत होतो. कुरकुरीत झाला म्हणजे त्याने वाकणं सोडलं, आता जे होईल ते मोडणंच. त्यात भर म्हणजे भाजताना तो एकीकडून वर आणि दुसरीकडून खाली वळतो, आणि कुठलेही दोन पापड सारखे वळत नाहीत. असे पाच एकावर एक रचलेस तर ते एकमेकांना फक्त तीन-चार टोकांवर टेकतात. सगळा भार त्या टोकांवर. मग एक धक्का पुरतो.

म्हणून डबा पापडासारखा करण्याआधी पापड डब्यासारखा कर.

उडदाचा पापड आचेवरून काढला की काही क्षण मऊ असतो. हॉटेलात मसाला पापडाचा कोन वळतात तो याच क्षणांत. तू कोन करू नकोस. एक उथळ, पसरट बशी पालथी घाल, तिच्यावर गरम पापड टाक, कोरड्या सुती फडक्याने वरून हलकेच दाब आणि दहा मोजेपर्यंत हात काढू नकोस. पापड बशीचा आकार घेतो आणि तसाच कडक होतो. सगळे पापड त्याच एका बशीवर. मग ते एकमेकांत बसतात, टोकांवर न टेकता बऱ्याच मोठ्या भागावर टेकतात. शिवाय असा घुमट आलेल्या पापडावर दाब आला तर तो कडेकडे वाटला जातो. सपाट पापडाला तोच दाब मधोमध वाकवायला बघतो. खोल वाटी मात्र घेऊ नकोस. कडेला चुण्या पडतात आणि तडा नेमका चुणीपाशी जातो. आणखी एक, हे उडदाच्या पापडाला जमतं. तांदळाचा पापड तेलात फुलतो आणि फुललेल्या आकारातच कडक होतो, तो तुझं ऐकणार नाही. प्रकल्पापुरते बाजारचे पापड घे. एका पाकिटातले आकाराला आणि जाडीला सारखे असतात. घरचे लाटलेले म्हणजे लाटणारीच्या मनगटावर अवलंबून.

वातड होण्याबद्दल. पापडाला दमटपणा तीन ठिकाणांहून येतो. बाहेरच्या हवेतून, शेजारच्या गरम भातातून आणि खुद्द पापडातून. हा तिसरा सगळ्यात फसवा. भाजल्या भाजल्या झाकण लावलंस तर त्याचीच वाफ झाकणाला लागून पुन्हा त्याच्यावर उतरते. आधी जाळीवर पूर्ण गार होऊ दे. हात लावल्यावर गार लागला की मगच डब्यात. आणि पुठ्ठा हवा अडवत नाही हे पक्कं ध्यानात ठेव. वर्गात तुम्ही त्याला कितीही सुंदर रंगवा, पुठ्ठा स्वतःच दमट होतो आणि आतल्या मालालाही करतो. मला तर वाटतं, तुझ्या हत्तीतले पापड मोडण्याआधीच नरम पडायला लागले असणार.

तेव्हा कामं वाटून दे. दमटपणा अडवायला आत एक पातळ स्टीलचा गोल डबा, रबराची कडी असलेल्या घट्ट झाकणाचा. तो पापडापेक्षा बोटभरच मोठा हवा. धक्का झेलायला बाहेर पुठ्ठ्याचं कवच. कवचासाठी ई-फ्लूट घे, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीचा नालीदार पुठ्ठा. डाय पंचिंगला, म्हणजे धारदार साच्याने कापायला, तोच बरा आणि घडीही नीट पडते. नाल्या उभ्या ठेव. वरून भार आला तर उभ्या नाल्याच तो पेलतात, आडव्या ठेवल्यास तर खोकं बसकण मारतं. हे इतकं साधं आहे, तरी नवशिक्या पोरांचे निम्मे नमुने आडव्या नाल्यांचेच येतात, कारण पुठ्ठ्याच्या तावावर तसे दोन जास्त बसतात. स्टीलच्या डब्याखाली पुठ्ठ्याच्याच पट्टीची नागमोडी घडी घालून ठेव, दोन-अडीच सेंटिमीटर उंच. डबा आपटला की ती घडी दबते आणि पापडाला तेवढा वेळ मिळतो.

आता खेळ. तुझ्या प्रकल्पाचा जीव इथे आहे आणि हत्ती कमी पडला तोही इथेच. हत्ती बघून मूल एकदा हसतं. दुसऱ्या दिवशी तो डबाच असतो. खेळ डब्यावर चिकटवून येत नाही. पापड काय काय करतो ते बघ आणि त्यातून खेळ काढ.

पापड आवाज करतो. मुलांना त्याचा सगळ्यात मोठा आनंद तोच आहे. तर झाकणावर एक फिरती चकती बसव. पुठ्ठ्याचे दोन थर, मधे आयलेट म्हणजे धातूची पोकळ कडी, वरच्या थराला खिडकी. चकती फिरवली की खिडकीत एक हुकूम येतो : ‘एका घासात’, ‘डोळे मिटून’, ‘उजवीकडच्याला अर्धा दे’, ‘जराही आवाज न करता खा’. हा शेवटचा हुकूम मी माझ्या भाच्याच्या पोरांवर करून पाहिला. पापड आवाज न करता खायचा म्हटल्यावर पोरं तो जिभेवर ठेवून विरघळवत बसतात, आणि कुणाचा तरी दात चुकून लागतो की सगळी टोळी त्याच्यावर तुटून पडते. चकतीला बॅटरी लागत नाही, आवाज नाही, मोडली तर पुन्हा कापता येते. चुंबक मात्र लावू नकोस. लहान चुंबक पोटात गेले तर जिवावर बेततं.

पापड मोडतो. आपण मघापासून त्याला मोडू न देण्याची खटपट करतोय. पण कितीही केलंस तरी एखादा मोडणारच, आणि मुलाचा डबा उघडल्यावर तेवढ्यावरून हिरमोड होऊ नये. तर आतल्या डब्यात पापडांच्या भोवतीची उरलेली जागा चुरमुऱ्यांनी भर. आधी कढईत परतून कोरडे करून, गार करून. चुरमुरे हलके, दबणारे, पापडाला सगळीकडून धरून ठेवणारे. थर्माकोलच्या गोळ्यांचं काम करतात आणि खाता येतात. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटवाट्यांना बंदी आहे. तू त्याच्या गोळ्या घालून सादर केलंस तर परीक्षक काय बोलतील ते मी सांगायला नको. एका वेगळ्या छोट्या पुडीत शेंगदाण्याची चटणी दे. (काही मुलांना शेंगदाणा चालत नाही. पुडीवर नाव लिही.) पापड खाऊन झाले, तळाला मोडलेले तुकडे आणि चुरमुरे राहिले, की चटणी ओतायची, झाकण लावायचं आणि दे दणादण हलवायचं. भडंग तयार. ज्या डब्याला सकाळपासून ‘हलवू नकोस’ म्हणून बजावलं, तोच आता जोरात हलवायला मिळतो. आठ वर्षांच्या पोराला याहून मोठं बक्षीस नाही. कांदा-टोमॅटो डब्यात देऊ नकोस, पाणी सुटतं.

मग डब्याला दोन अवस्था आल्या, न हलवायची आणि हलवायची. त्या बाहेरून कळल्या पाहिजेत. कवचाभोवती एक सरकती पट्टी दे. वर असताना एक रंग दिसतो, खाली ओढली की दुसरा. आणि पट्टी वर असेपर्यंत स्टीलचा डबा बाहेर निघताच कामा नये. ही अडकण कशी साधायची ते तू शोध. सगळंच मी सांगितलं तर सर मला मार्क देतील.

गोल चीज जपून कशी न्यायची याचा आपल्याकडचा जुना नमुना हवा असेल तर सावंतवाडीची गंजिफा बघून ये. दशावतारी गंजिफेत एकशेवीस पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा, गोल, रंगवून लाखेने चकचकीत केलेले. ते सगळे एका रंगीत लाकडी पेटीत राहतात. त्या पेटीला सरकतं झाकण असतं आणि आतली जागा पत्त्यांच्याच मापाची असते. पेटीवर चित्र आहे, नाही असं नाही. पण पेटी गरुडाच्या आकाराची नसते. ती चौकोनी, मुकाट, हातात बसणारी असते, आणि सगळी धमाल झाकण सरकवल्यानंतर सुरू होते. तुझ्या हत्तीला जागा द्यायचीच असेल तर चकतीच्या खिडकीत दे. एखाद्या हुकमात तो डोकावू दे.

आजीला किंवा आईला रुखवताबद्दलही विचार. लग्नाच्या हॉलवर मांडायला कुरडया, सांडगे, रंगीत पापड, त्यांची केलेली घरं, बंगले, फुलं हे सगळं वधूच्या घरून टेम्पोत घालून नेलं जायचं आणि धड पोचायचं. बुरुडाकडची बांबूची दुरडी, तळाला जुन्या लुगड्याच्या घड्या. बांबू लवतो, म्हणून धक्का झेलतो. पण त्यातून हवा खेळते, तेव्हा ते कच्च्या पापडालाच ठीक. भाजलेल्याला दुरडीत घालून सादर केलंस तर दिसेल देखणं, पावसाळ्यात टिकायचं नाही. हल्ली डिझाइनच्या प्रदर्शनात बांबू दिसला की लोक टाळ्या वाजवतात. टाळ्यांवर जाऊ नकोस.

चाचणी कर आणि ती वहीत लिहून ठेव. रिकाम्या डब्याची नको, पापड घालूनच. आधी टेबलाच्या उंचीवरून सहाही बाजूंनी पाड, मग कोपऱ्यावर पाड. कोपरा सगळ्यात वाईट, कारण सगळा धक्का एका टोकावर येतो. दर वेळी नवे पापड घे, कारण आधीच तडा गेलेला पापड पुढच्या वेळी उगाच मोडतो आणि दोष डब्याला जातो. नंतर दमटपणा. मोठ्या पिंपात तळाला पाण्याचं भांडं ठेव, वर जाळीवर डबा, झाकण लाव आणि रात्रभर राहू दे. सकाळी पापड मोडून कानाने ऐक. कट् आवाज आला तर ठीक. नुसता वाकला तर रबराची कडी बदल. शेवटची चाचणी खऱ्या दप्तरात, खऱ्या पोराकडे, शाळा सुटेपर्यंत. त्याला काही सूचना देऊ नकोस. डबा उलटा ठेवला जाईल, त्याच्यावर कुणीतरी बसेल. उलटा ठेवल्यावर तुझी नागमोडी घडी वर जाते आणि काही कामाची राहत नाही, हे तिथेच कळेल. मग दोन्हीकडे घडी द्यायची की डबा उलटा राहणारच नाही असा आकार करायचा, ते ठरव. मी घुमटी झाकण दिलं असतं.


प्रश्न : ताई, मी दिवाळीत घरून करंज्या, चिरोटे आणि अनारसे करून विकते. मुंबई-पुण्याला कुरिअरने जातात. करंज्यांच्या कडा तुटतात, चिरोट्यांचे पदर सुटतात. या वर्षी मुलांसाठी लहान ‘फराळाची पेटी’ काढायची आहे, उघडताना गंमत वाटेल अशी. पण खोक्यामागे वीस रुपयांवर खर्च परवडत नाही आणि दोनशेच पेट्या हव्यात.
– एक गृहिणी, मिरज

उत्तर : दोनशे नगांसाठी स्वतःची डाय करून घेऊ नका. डायचा खर्च दोनशे खोक्यांवर वाटलात की वीस रुपये तिथेच संपतात. खोकीवाल्याकडे तयार मापाचं साधं पांढरं खोकं घ्या आणि गंमत बाहेरच्या छापील पट्टीत करा. पट्टी खोक्याभोवती बसते, कागद कमी लागतो, दोनशे नगही छापून मिळतात. पट्टीच्या मागच्या बाजूला किल्ला छापा, मुलं कापून मातीच्या किल्ल्यावर लावतील. दिवाळीत मुलांचा जीव तिथेच असतो.

मालाचं बोलायचं तर तुमचे तिन्ही पदार्थ तीन स्वभावांचे आहेत, त्यांना एकाच कप्प्यात कोंबू नका. करंजी मुरडीपाशी तुटते. ती मुरड वर करून उभी लावा आणि एकीच्या पोटात दुसरीची पाठ येईल अशी ओळ करा. मग कडेवर काही टेकतच नाही. चिरोटेही आडवे रचू नका, उभे लावा. बिस्किटांचे पुडे बघा, कित्येक कंपन्या बिस्किटं उभीच भरतात. आडव्या रचलेल्या चळतीत सगळ्यांचं वजन तळाच्या चिरोट्यावर येतं. अनारसा मऊ आणि तुपाळ. तो मोडायचा नाही, पण तूप सुटून शेजारच्या चिरोट्याचा कुरकुरीतपणा घालवेल. त्याला बटर पेपर आणि वेगळा कप्पा. कप्प्यांसाठी खाचा पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकांत अडकवा, डिंक लागत नाही. पेटी भरल्यावर कानाशी धरून हलवा. काही वाजलं तर वरून बटर पेपरचा चुरगळा घाला. वाजणारी पेटी कुरिअरला देऊ नका.

आणि तळणीच्या दुसऱ्याच दिवशी भरा. गरम करंजी भरलेली पेटी म्हणजे आतल्या आत वाफेचा हमाम.


प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला बागेत पाणीपुरी करायची आहे. पुऱ्या न फुटता कशा न्याव्यात? अंड्यांचे ट्रे वापरले तर? खाचा बरोबर पुरीच्या मापाच्या दिसतात.
– एक वडील, ठाणे

उत्तर : अंड्यांचा ट्रे नको. त्याला अंड्यांची घाण लागलेली असू शकते, त्यातून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो. आणि तो धुताही येत नाही, लगद्याचा असतो. मापाचं तुम्ही बरोबर ताडलंत, पण त्याची गरज नाही. पुरी पोकळ आणि हलकी असते, पुऱ्यांच्या वजनाने पुरी फुटत नाही. ती फुटते बाहेरून दाब आला की. जाड पिशवीत पुऱ्या घाला, पिशवी पूर्ण भरू नका, आत हवा राहू द्या आणि तोंड घट्ट बांधा. फुगलेली पिशवी हीच गादी. ती गाडीत आकड्याला टांगा, सीटवर ठेवू नका. पाणीपुरीवाल्याच्या गाडीवर पिशव्या टांगलेल्या असतात त्या उगाच नाही. पाणी वेगळ्या स्टीलच्या बाटलीत न्या. खेळ हवा असेल तर मुलांना पुरीला भोक पाडायला द्या. पुरीची एक बाजू पातळ असते, ती अंगठ्याने शोधायची. ज्याची पुरी फुटली त्याने पुढच्याला पाणी वाढायचं.


प्रश्न : खोक्यात तळाला वर्तमानपत्र घातलं तर चालेल का? तेल शोषून घेतं.
– एक वाचक, नगर

उत्तर : नाही. २०१८ च्या अन्नसुरक्षा पॅकेजिंग नियमांत अन्न गुंडाळायला आणि ठेवायला वर्तमानपत्र वापरायला मनाई आहे. छपाईची शाई तेलात उतरते, आणि ते तेल पदार्थात. वड्याच्या कागदावर अग्रलेख उलटा उमटलेला आपण सगळ्यांनी वाचलाय. टिश्यू किंवा बटर पेपर घाला.


प्रश्न : माझा मुलगा दुबईला असतो. त्याला सोलापूरची कडक भाकरी पाठवायची आहे. सुटकेसमधून नेली की तुकडेच निघतात. खास डबा करून मिळेल का?
– एक आई, बार्शी

उत्तर : करून मिळेल, पण पैसे वाया घालवू नका. कडक भाकरी शेवटी चुरूनच आमटीत घालायची असते. तुकडे झाले तर मुलाचं काम हलकं झालं. सोलापूरकर असून तुम्हाला हे मी सांगावं म्हणजे कमालच.

तरी त्याला बायकोपुढे अख्खी भाकरी दाखवायची हौस असेल तर दोन सारख्या मापाची स्टीलची ताटं घ्या. भाकऱ्यांची चळत मधे, वरचं ताट पालथं, आणि जुन्या सुती साडीच्या पट्टीने चारी बाजूंनी करकचून बांधा. आत हलायला जागा नको. सुटकेसच्या मधोमध ठेवा, खाली-वर कपडे, कडेला चपला-बूट नकोत. भाकरी पुरती वाळलेली असू द्या, जरा जरी ओली राहिली तर बुरा येईल. शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डब्यात द्या आणि तो डबा दोन पिशव्यांत घाला. तिला तेल सुटतं, आणि ते सगळ्यात आधी त्याच्या ऑफिसच्या शर्टावर जाईल.